नर्सिंग झालं, आता पुढे काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोयाबीनची सोंगणी आटोपत आली होती, त्या दिवसांतली गोष्ट. असरची नमाज पढून मी घरी आलो तर ओट्यावर धाकट्या भावाचं सारं कुटुंब बसलेलं. मधे चटईवर प्लास्टिकची एक फाईल. फाईलवर पुतणीचा हात. तिची बी.एस्सी. नर्सिंगची शेवटची गुणपत्रिका आदल्या दिवशी हाती आली होती. चार वर्षं अकोल्याला राहून ती शिकली. आसेगावच्या आमच्या मोहल्ल्यात एवढं शिकलेली ती पहिलीच मुलगी.

पेढे वाटून झाले होते, तरी कुणाच्या तोंडावर पेढ्याची गोडी दिसत नव्हती. भावजय म्हणत होती, आता मुलगी उजवून टाकू, नंतर तिच्या बरोबरीचा शिकलेला मुलगा सापडायचा नाही. भाऊ आठवडी बाजारात कटलरीचं दुकान लावतो, आज या गावी, उद्या त्या गावी. त्याच्या डोळ्यांपुढं बँकेचा हप्ता. त्याचं म्हणणं, नोकरी धर. कॉलेजातल्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं, हुशार आहेस, एम.एस्सी. कर, शिकवायला लागशील. आणि जिचा हा प्रश्न, ती मात्र गप्प. शेवटी भाऊ म्हणाला, "भाई, घर में पढेलिखे तुम हो. अब तुम बोलो." पुतणीनंही मान वर केली. "हां बडे अब्बा, आप जो बोलेंगे."

मंडळी, पढालिखा म्हणजे मी बी.ए. मराठी. कविता लिहितो. नर्सिंगमधलं मला काय कळतं? इंजेक्शन देताना नजर दुसरीकडं वळवतो, एवढंच. पण त्या ओट्यावर बसून 'मला माहीत नाही' असं म्हणायची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "चार दिवस द्या." ते चार दिवस पुढं दीड महिना चालले. त्या काळात मी जिल्हा रुग्णालयातल्या परिसेविकांशी बोललो, कॉलेजात शिकवणाऱ्या पाठ्यनिर्देशिकांना भेटलो, बँकेत जाऊन आलो, नियमांचे कागद वाचले. आपल्या भागात असे ओटे पुष्कळ आहेत, म्हणून जे कळलं ते आज सांगतो.

आधी ही शिडी समजून घेऊ. गावात आपण सगळ्यांनाच 'नर्सबाई' म्हणतो. खांद्यावर लसीची पेटी अडकवून एस.टी.तून उतरणारी, घरोघर जाऊन पोरांना डोस देणारी ती बहुधा ए.एन.एम., म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका. तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तिच्या वर जी.एन.एम., तीन वर्षांची पदविका. आणि त्यावर बी.एस्सी. नर्सिंग, बारावी विज्ञानानंतर चार वर्षांची पदवी. जी.एन.एम. झालेल्यांना पदवी हवी असेल तर दोन वर्षांचं 'पोस्ट बेसिक' करता येतं. पदवीच्या वर एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षं, आणि त्याच्याही वर पीएच.डी. आपल्या राज्यात नर्सिंगच्या पदव्या नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं, ते १९९८ साली सुरू झालं. आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तोही त्याच साली, १ जुलैला.

पदवी हातात आली म्हणजे लगेच वॉर्डात उभं राहता येतं असं नाही. आधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावं लागतं. पण ती नोंदणी झाली की मुलगी पूर्ण पात्रतेची परिचारिका झाली. मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच, आणि सगळ्यात महत्त्वाचीही हीच. माझ्या काळात बी.ए. झालेला मुलगा एम.ए. करायचा तो पुष्कळदा नोकरी लागत नाही म्हणून. नुसत्या बी.ए.नं काही होत नाही, मग आणखी दोन वर्षं तरी निघून जातील. मी नर्सिंगकडंही त्याच चष्म्यातून पाहत होतो. पण नर्सिंगची पदवी हाच परवाना आहे. पुढचं शिक्षण नोकरी मिळावी म्हणून घ्यायचं नसतं, कामाची जात बदलायची असेल तर घ्यायचं असतं. हे उमगलं तेव्हा माझा अर्धा गोंधळ मिटला.

भावजयीचा गोंधळ मात्र वेगळा होता. तिला एम.एस्सी.चं सोयरसुतक नव्हतं. तिचा काटा होता रात्रपाळीवर. "रात की ड्यूटी, पराये मर्दों की तीमारदारी, लोग क्या बोलेंगे?" आता हे काही फक्त आमच्याच मोहल्ल्यात बोललं जातं असं कुणी समजू नये. या बोलण्याला शंभर वर्षं होऊन गेली. नर्सिंगच्या इतिहासात पहिली प्रशिक्षित भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव सांगतात. १८९१ साली त्या मुंबईत शिकायला आल्या. त्या काळी या कामाला घरंदाज बायका पुढं येत नसत. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा पुण्यातही काय कमी बोललं गेलं असेल? आणि त्याच्याही आधी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले आजारी पोराला पाठीवर घेऊन हडपसरच्या माळावरच्या दवाखान्यात पोचल्या. त्याच साथीनं त्या गेल्या, १० मार्चला. त्यांच्या हातात कुठलं सर्टिफिकेट नव्हतं.

मी भावजयीला आमच्या परंपरेतल्या हजरत रुफैदांची गोष्टही सांगितली. मदिनेत मशिदीजवळ त्यांचा तंबू होता. खंदकच्या लढाईतल्या जखमींची देखभाल तिथं होत असे, आणि जखमी झालेल्या साद इब्न मुआज यांना खुद्द पैगंबरसाहेबांनीच त्या तंबूत पाठवलं होतं. भावजयीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, "सुभानल्लाह" म्हणाली आणि चहा ठेवायला उठून गेली. इतिहासानं तिचं समाधान झालं नाही. झालं ते दुसऱ्याच आठवणीनं. हीच मुलगी जन्माला आली त्या रात्री पाऊस होता, रस्ता बंद होता, आणि सरकारी दवाखान्यातली नर्सबाई सकाळपर्यंत तिच्या उशाशी बसून होती. हे तिला मी नाही, माझ्या बायकोनं आठवण करून दिलं. "ती बाई रातकीच ड्यूटी करत होती ना?" बस. त्यानंतर भावजय रात्रपाळीवर एक अक्षर बोलली नाही. निकाहाचा विषय तिनं सोडला नाही, पण तो तिचा हक्कच आहे.

आता मूळ प्रश्न. पदवीनंतर समोर कोणते रस्ते असतात?

पहिला रस्ता सरळ नोकरीचा. केंद्र सरकारच्या एम्स रुग्णालयांसाठी 'नॉरसेट' नावाची एकत्र परीक्षा २०२० पासून होते. आपल्या जवळचं एम्स म्हणजे नागपूर, २०१८ मध्ये सुरू झालेलं. या परीक्षेला बी.एस्सी. नर्सिंग पुरेसं आहे, अनुभवाची अट नाही. जी.एन.एम. असेल तर मात्र पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात या पदाचं मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं. वयाची मर्यादा तीस, राखीव गटांना सवलत. इथं एक हिशोब बारकाईनं करायला हवा. परीक्षा पदवीच्या पातळीची. म्हणजे एम.एस्सी. केल्यानं तिथं वेगळी खुर्ची मिळत नाही, उलट वयाच्या पट्टीतली दोन वर्षं खर्च होतात. राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिका म्हणून लागायलाही एम.एस्सी.ची गरज नाही.

गावाजवळ राहायचं असेल तर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आहे. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची 'आरोग्यवर्धिनी' केंद्रं झाली, २०२३ पासून त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथं डॉक्टर नसतो, हा अधिकारीच रक्तदाब, साखर तपासतो, गोळ्या देतो, कुणाला पुढं पाठवायचं ते ठरवतो. आपल्या राज्यात या जागांवर आयुर्वेदाचे पदवीधर जास्त दिसतात, पण बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही ती खुली आहे. जुन्या अभ्यासक्रमातून पास झालेल्यांना त्यासाठी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र करावं लागे. नव्या अभ्यासक्रमात तो भाग पदवीतच घातला आहे. पद कंत्राटी आहे, हे विसरू नये.

दुसरा रस्ता एम.एस्सी.चा. आणि इथं अशी एक अट आहे जी आमच्या ओट्यावर कुणालाच माहीत नव्हती. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणं एम.एस्सी.ला प्रवेश हवा तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि बी.एस्सी. नंतर किमान एक वर्ष कामाचा अनुभव लागतो. म्हणजे जून-जुलैत 'आत्ताच एम.एस्सी. की आधी नोकरी' असा जो वाद घरोघर होतो, तो निम्मा पोकळ आहे. एक वर्ष वॉर्डात काढावंच लागतं. नियम करणाऱ्यांनी हे फार शहाणपणानं केलं असं माझं मत झालं. रुग्णाच्या उशाशी कधी एकटं न बसलेली मुलगी दुसऱ्यांना उशाशी बसायला कशी शिकवणार?

एम.एस्सी.त पाच शाखा आहेत. वैद्यक-शल्य, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. दोन वर्षांत आपल्या शाखेच्या जोडीनं शिकवण्याचं शास्त्र, व्यवस्थापन, संशोधन आणि संख्याशास्त्र येतं, शेवटी एक प्रबंध. विषयांवरूनच ओळखता येतं की ही पदवी मुख्यतः कुणासाठी आहे. ज्यांना शिकवायचंय त्यांच्यासाठी, ज्यांना रुग्णालयाचा कारभार पाहायचाय त्यांच्यासाठी, ज्यांना प्रश्न पडतात त्यांच्यासाठी. नर्सिंग कॉलेजात वरच्या शिक्षकपदांना एम.एस्सी.शिवाय दार उघडत नाही. दहा विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक असं परिषदेचं प्रमाण आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली. वाशिमचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. इमारती उभ्या राहतील, शिकवणारे कुठून आणायचे? ही बाजू एम.एस्सी.च्या पारड्यात टाकायलाच हवी. पण एम.एस्सी. झालेल्या कित्येक मुली खासगी रुग्णालयात बी.एस्सी.वाल्यांच्या शेजारी उभ्या राहून तेच काम करतात, आणि पगारात फरक असतो तो नावापुरता. हे मला एका परिसेविकेनंच हसत हसत सांगितलं. हसण्यात राग होता.

या दोहोंच्या मधे आणखी एक वाट आहे, तिच्याकडं फार कमी मुलींचं लक्ष जातं. एक वर्षाच्या विशेष पदविका. अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू, शस्त्रक्रियागृह, मूत्रपिंड, मानसिक आरोग्य, अशा कितीतरी. मुंबईच्या टाटा रुग्णालयात कर्करोग परिचर्येचा असा अभ्यासक्रम आहे. जिला शिकवायचं नाही, रुग्णाजवळच राहायचंय पण अधिक कसबी व्हायचंय, तिला दोन वर्षांच्या एम.एस्सी.पेक्षा हे एक वर्ष जास्त कामाला येईल. अतिदक्षता विभागासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' नावाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही परिषदेनं आणलाय. त्यात विद्यार्थी वॉर्डातच काम करत शिकतो. बाळंतपणासाठीही, २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर, दीड वर्षाचं प्रसविकांचं प्रगत प्रशिक्षण सुरू झालं.

परदेशाबद्दल थोडक्यात बोलतो, कारण ज्याचं त्याचं स्वप्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगभर ५८ लाख परिचारिकांची कमतरता सांगितली आहे, त्यामुळं मागणी आहे यात शंका नाही. पण तिथं एम.एस्सी.पेक्षा वॉर्डातला अनुभव आणि भाषा मोजतात. जर्मनीला जायचं तर जर्मन बी-टूच्या पातळीपर्यंत, इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा, अमेरिकेला त्यांची परवाना परीक्षा. म्हणजे परदेश हेच ठरलं असेल तर 'पुढचं शिक्षण' म्हणजे भाषेचा वर्ग.

भाषेवरून आठवलं. आमची मुलगी सातवीपर्यंत उर्दू शाळेत, मग मराठीत, आणि एकदम पहिल्या वर्षाला इंग्रजीतून शरीररचना. पहिले सहा महिने ती फोनवर रडायची. मी तिला इंग्रजीत काय मदत करणार? पण एकदा सुटीत आली तेव्हा मी तिला विचारलं, रुग्ण 'दुखतंय' म्हणतो तेव्हा तू काय लिहितेस? म्हणाली, पेन. मी म्हटलं, आपला माणूस एकच दुखणं नाही सांगत बेटा. कळ येते वेगळी, ठणका लागतो वेगळा. चमक निघते, आग होते, मुंग्या येतात, ओढ लागते, भरून येतं. कळ येते आणि जाते, ठणका मुक्काम करतो. ती वही घेऊन बसली. मला वाटलं माझी करमणूक करतेय. पुढं तिच्या मॅडमनी वॉर्डात सगळ्यांसमोर तिला विचारलं, तू म्हातारीला एवढं नेमकं कसं विचारतेस? उर्दू, वऱ्हाडी आणि इंग्रजी अशा तीन भाषा असणं हे ओझं आहे असं तिला वाटायचं. त्या दिवसापासून वाटेनासं झालं. कवीचा बडा अब्बा म्हणून एवढा एकच उपयोग झाला असेल.

आता एक कबुली. मी 'चार दिवस द्या' म्हणालो त्यामागं एक भीती होती. काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या दोस्ताच्या मुलीनं असंच विचारलं होतं. तेव्हा मी एक क्षणही थांबलो नाही. "शिक, शिकत राहा, थांबू नको." मोठ्या आवाजात. खरं तर त्या आवाजात मी स्वतःशी बोलत होतो. मला एम.ए. करायचं होतं, फॉर्मही भरला होता. अब्बा गेले आणि तो फॉर्म तसाच राहिला. अजून ट्रंकेत आहे. तर माझं अर्धं राहिलेलं शिक्षण मी दुसऱ्याच्या लेकीला करायला लावलं. एका एजंटानं तिला बाहेरच्या राज्यातल्या कॉलेजात एम.एस्सी.ला घातलं. अनुभवाचा दाखला त्यानंच 'जमवला'. कॉलेजला मान्यता आहे की नाही हे कुणी पाहिलं नाही, मीही नाही. फी गेली, दोन वर्षं गेली, आणि जादा पात्रतेची नोंदणी करायची वेळ आली तेव्हा कागद अडकले. मूळ प्रमाणपत्रं कॉलेजनं ठेवून घेतलेली, ती सोडवायला बापाला चार खेपा घालाव्या लागल्या. आज ती मुलगी चांगली परिचारिका आहे, पण बी.एस्सी.च्याच जोरावर. दोस्त मला काही बोलला नाही. बाजारात भेटला की चहा पाजतो. तो चहा मला कडू लागतो.

म्हणून कळकळीनं सांगतो, प्रवेश घेण्याआधी तीन ठिकाणी पाहा. कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, त्या राज्याच्या परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या त्या वर्षीच्या यादीत त्याचं नाव, त्याच अभ्यासक्रमापुढं, आहे का. 'त्या वर्षीच्या' हा शब्द महत्त्वाचा. बी.एस्सी.ला मान्यता आहे म्हणजे एम.एस्सी.ला असतेच असं नाही. ही यादी परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट दिसते, त्यासाठी एजंट लागत नाही. नर्सिंग शिक्षणाची घडी नव्यानं बसवणारा राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, त्यामुळं नियम बदलत राहणार. कालचं ऐकीव आज चालेल असं धरू नये. आणि मूळ कागद, मग ते कॉलेज असो की रुग्णालय, पोचपावतीशिवाय कुणाच्या हाती देऊ नयेत.

पैशाचं बोलू. भावानं शैक्षणिक कर्ज काढलं होतं. बँकांच्या नमुना योजनेत अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवड असते, मग हप्ते सुरू. पण सवडीतही व्याज चढतच असतं. पुढं शिकायचं ठरवलं तर हप्ता आपोआप थांबतो असा आमचा समज होता. तसं नाही. बँकेला आधी सांगावं लागतं, लेखी घ्यावं लागतं. मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा एक शासन निर्णय आहे. आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ. मुस्लिमांतल्या पुष्कळ जमाती इतर मागास वर्गात आहेत, पण दाखला काढलेला नसतो. आमच्या भावानंही काढला नव्हता. आपला अभ्यासक्रम, आपलं कॉलेज आणि प्रवेशाची फेरी या माफीत बसते का, हे फी भरण्याआधी विचारायचं, नंतर नाही. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्जही असतं.

दीड महिन्यानंतर पुन्हा ओटा. मी निकाल द्यायला बसलो नव्हतो. फक्त कागद मांडले आणि पुतणीला विचारलं, "तुला काय वाटतं ते कुणी विचारलंच नाही. बोल." ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बडे अब्बा, मला शिकवायचं नाही. मला मेंटल हेल्थ करायचंय."

भावजयीनं कपाळाला हात लावला. वेड्यांची नर्स! मुलगी शांतपणे बोलत राहिली. शेवटच्या वर्षाला वॉर्डात कीटकनाशक प्यालेला एक माणूस आला होता, आपल्याच तालुक्यातला. वाचला. डॉक्टरांनी पोट धुतलं, सलाईन लावलं, पाचव्या दिवशी घरी सोडला. पाच दिवस तो छताकडं पाहत होता, आणि पाच दिवस त्याच्याशी कसं बोलायचं हे वॉर्डातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. तिलाही नाही. "मी रोज त्याची नाडी मोजत होते, बडे अब्बा. फक्त नाडी."

ओट्यावर कुणी काही बोललं नाही. आपला जिल्हा कशासाठी ओळखला जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं त्यात वाशिम होता. २०१५ मध्ये राज्यानं चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात 'मानसिक आरोग्य परिचारिका' हे पद व्याख्येसह आहे, तिची नोंदणी राज्य प्राधिकरणाकडं होते. कागदावर जागा आहे. बसणारी माणसं थोडी.

मग हिशोब सोपा झाला. अनुभवाचं एक वर्ष तर हवंच. ते अकोल्यात, मेडिसिनच्या वॉर्डात, पगार घेऊन. त्यातून बँकेचं व्याज. त्याच वर्षात सरकारी परीक्षा द्यायची, लागली तर उत्तम. सरकारी सेवेत नियमानुसार अध्ययन रजेची सोय असते. नाही लागली तर मानसिक आरोग्यातली एक वर्षाची पदविका आधी, की सरळ एम.एस्सी., हे तिनं वर्षाच्या शेवटी ठरवायचं. बंगळुरूचं निम्हान्स तिच्या मनात आहे. मी नागपूर म्हणतोय, तिथं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि भाषा आपली. यावर आमचं अजून जुळलेलं नाही. भावजयीनं अट घातली, मधल्या काळात स्थळं येतील ती बघायची. मुलीनंही अट घातली, रात्रपाळी चालेल त्याच घरचं स्थळ.

परवा रात्री अकरा वाजता तिचा फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हणून मी घाबरलो. वॉर्ड शांत होता म्हणे. विचारत होती, "बडे अब्बा, एक आजोबा आहेत, म्हणतात 'जीव लागत नाही'. हे दुखण्यात लिहू की कशात?" मी उठून बसलो. ती म्हणाली, "थांबा, बेल वाजली," आणि फोन ठेवला.